उजव्या हाताचा, डाव्या पायाचा

काकासाहेब खुटवडांना नवा माणूस भेटला की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. माणूस दारातून आत येताना कुठला पाय टाकतो, उभा राहिला की भार कशावर देतो, जिना चढताना सुरुवात कुठल्या पायानं करतो, हे त्यांच्या नजरेनं टिपलं की मग ते वर चेहऱ्याकडे येत. ठकूबाईंना नवऱ्याची ही सवय मुळीच पसंत नव्हती. "लोकांना वाटतं, हा माणूस आमच्या चपलांची किंमत करतोय," असं त्या म्हणत. पण सवय फौजेतून आलेली होती, आणि ती लागण्यामागे काकासाहेबांच्या आयुष्यातली आठ वर्षं होती.

मूळ गाव भोर तालुक्यातलं, डोंगराच्या कुशीतलं. अडुसष्ट साली भरती झाले तेव्हा वय अठरा आणि नाव मात्र काकासाहेब, थेट बारशातच ठेवलेलं. हजेरीला हे नाव पुकारलं की नवा साहेब मान वर करून बघे, रांगेत कोणी म्हातारा उभा आहे का म्हणून. दोन वर्षांत पलटणीच्या बॉक्सिंग टीमसाठी पोरं निवडायची वेळ आली आणि खुटवडांच्या रुंद खांद्यांमुळे त्यांना रांगेत उभं केलं गेलं.

बॉक्सिंगचे उस्ताद होते हवालदार भाऊसाहेब नलावडे. उंचीला कमी, मान जवळजवळ नाहीच, आणि आवाज असा की त्यांना शिट्टीची गरज पडत नसे. ते रांगेतून फिरत आले आणि खुटवडांसमोर थांबले.

"जेवतोस कुठल्या हातानं?"

"उजव्या, उस्ताद."

"लिहितोस?"

"उजव्याच."

"मग डावा पाय पुढं, उजवा मागं. उजवी मूठ हनुवटीपाशी. पुढचा!"

पवित्र्याची निवड एवढ्यात आटोपली. मुलगी बघायला गेलेले लोकसुद्धा यापेक्षा जास्त वेळ घेतात, असं काकासाहेब पुढे हसून सांगत. उस्तादांचं म्हणणं तसं रीतीला धरूनच होतं. बॉक्सिंगमध्ये जोराचा हात मागं ठेवतात, म्हणजे ठोशाला धाव मिळते. त्याच बाजूचा पाय मागं राहतो आणि जमिनीला रेटा देतो. ज्याचं सगळंच उजवं, त्याला हे बरोबर बसतं. खुटवडांचा हात उजवा होता खरा, पण लहानपणी गोटा लाथाडला तो डाव्या पायानं, झाडावर चढले ते डाव्या पायानं, विहिरीत उडी टाकली तीसुद्धा डाव्याच पायावर उसळी घेऊन. हात एका बाजूचा आणि पाय दुसऱ्या बाजूचा असं माणसाचं असू शकतं, हे ना त्यांना ठाऊक होतं, ना त्यांना कोणी विचारलं.

आठ वर्षं ते त्या पवित्र्यात लढले. दमसास दांडगा आणि मार खायची ताकद भरपूर, त्यामुळे जिंकलेही पुष्कळदा. पण ठोसे पोचायचे, बसायचे नाहीत. कोपऱ्यातून उस्ताद ओरडत, "रेटा दे! मागून रेटा दे!" खुटवड जीव खाऊन उजवा पाय जमिनीत रोवत, आणि तो पाय परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा नुसता उभा राही. शहात्तर साली लष्कराच्या कमांड पातळीवरच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये ते हरले. समोरच्याला शेवटच्या राउंडमध्ये तीनदा दोरीपाशी गाठलं होतं आणि तिन्हीदा तो निसटला. त्या दिवसानंतर काकासाहेबांनी मनाशी खूणगाठ बांधली, की आपण आतून भित्रे आहोत. हात मारतो, पण मन मागं ओढतं. ही गोष्ट त्यांनी कोणाजवळ काढली नाही.

एकोणऐंशी साली सरावात त्यांचं डावं मनगट दुखावलं. उस्ताद तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. रिकामं बसवेना म्हणून खुटवड एका दुपारी सरावाच्या टांगत्या बॅगेसमोर उलटे उभे राहिले, उजवा पाय आणि उजवा हात पुढे, डावा पाय मागं. पलटणीतली पोरं या पवित्र्याला 'सौतपाव' म्हणत, कोणा साहेबाच्या तोंडून ऐकलेल्या साउथपॉचं ते झालेलं. त्यांनी सहज एक ठोसा टाकला. मागच्या डाव्या पायानं जमीन अशी ढकलली की बॅग साखळीसकट वर उडाली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. कोणी नव्हतं. पुन्हा मारला. पुन्हा तेच. मग ते बॅगेला डोकं टेकवून बराच वेळ उभे राहिले. वय एकोणतीस झालं होतं, टीममध्ये नवी पोरं आली होती, आणि पुढच्याच महिन्यात खुटवडांचं नाव यादीतून निघालं.

चौऱ्याण्णव साली ते नायब सुभेदार म्हणून निवृत्त झाले. शेवटची नेमणूक दिल्ली छावणीत होती. मुलगा महेश तिथल्याच शाळेत दहावीला होता, म्हणून गावी परतायचं दोन वर्षं पुढं ढकललं, आणि ती दोन वर्षं कधी संपलीच नाहीत. गुडगावात तेव्हा काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि प्रत्येकीला शिस्तीचा माणूस हवा होता. काकासाहेब एका नऊ मजली टॉवरवर सुरक्षा सुपरवायझर झाले आणि चक्करपूर गावात एका जाटाच्या घरातल्या वरच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड आलं.

त्या दिवसांची आठवण निघाली की ठकूबाई अजूनही खुलतात. गुडगाव तेव्हा गुडगावच होतं, गुरुग्राम व्हायला अजून वीसेक वर्षं होती. टॉवर पुढून बघितला तर परदेश, मागून बघितला तर मोहरीचं शेत. थंडीत ते सगळं शेत पिवळं होई आणि त्याचं प्रतिबिंब मागच्या काचांत सातव्या मजल्यापर्यंत चढे. जनरेटर सुरू झाला की शेतातले मोर ओरडत. घरमालकीण ताजं लोणी धाडी, ठकूबाई तिला शेंगदाण्याची चटणी देत. दोघींना एकमेकींची भाषा अर्धीच कळे, तरी बोलणं पूर्ण होई.

टॉवरच्या मागं, जनरेटरच्या खोलीपलीकडे सिमेंटची एक लांब पट्टी होती. तिथं काकासाहेबांनी परांचीच्या उरलेल्या पाइपाला फौजेतली जुनी किटबॅग टांगली, तीत बांधकामाची रेती आणि चिंध्या भरल्या, आणि रोज दुपारी चार ते पाच या वेळात गार्डांना बॉक्सिंग शिकवायला सुरुवात केली. गार्ड ढिले पडू नयेत म्हणून, असं त्यांनी मॅनेजरला सांगितलं. खरं कारण त्यांचं त्यांना माहीत होतं.

चौथ्या मजल्यावर एका विमान कंपनीचं तिकिटांचं ऑफिस होतं. दिवसभर फोन वाजत आणि रांगेत बसलेल्या मुली ते घेत. त्यांतली एक सत्त्याण्णवच्या हिवाळ्यात रिसेप्शनवरून घरी फोन करत होती, "आई, पोचले गं. नाही, स्वेटर घातलाय. बिल्कुल घातलाय." रजिस्टरवर सही करणाऱ्या काकासाहेबांचा हात थांबला.

"मॅडम, तुम्ही मराठी?"

"अय्या! काका, तुम्ही पण?"

ती वैजयंती निमकर, वय तेवीस. वडील अशोक निमकर दिल्लीत एका केंद्रीय मंत्रालयात सेक्शन ऑफिसर, लक्ष्मीबाई नगरात सरकारी क्वार्टर. तिची ड्यूटी सात ते चार आणि परतीची चार्टर्ड बस सव्वापाचला. मधला तासभर ती मागच्या जिन्यावर उन्हात बसून उरलेला डबा खाई आणि गार्डांचा सराव बघे. दोन महिने नुसती बघत होती. एक दिवस डब्याचं झाकण लावता लावता म्हणाली, "काका, तो तुमचा उंच गार्ड आहे ना, तो मारायच्या आधी श्वास रोखतो. खांदे वर जातात त्याचे. समोरच्याला आधीच कळतं."

काकासाहेबांनी वळून पाहिलं. खरंच होतं. चार महिन्यांत त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

"कुठं शिकलात हे?"

"कुठे नाही. रोज बघते ना. बस लेट असते यार..." तिनं जीभ चावली. "सॉरी काका. मला शिकवाल?"

बाईमाणसाला ठोसे मारायला शिकवायचं, ही गोष्ट काकासाहेबांच्या फौजी डोक्यात शिरत नव्हती. घरी जाऊन त्यांनी ती ठकूबाईंना सांगितली, नकाराला कोणाची तरी साथ मिळावी म्हणून. ठकूबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं आणि म्हणाल्या, "तिनं तोंडानं मागितलंय ना? मग नाही म्हणणारे तुम्ही कोण?"

पुढच्या शनिवारी अशोक निमकर स्वतः आले. हातात ऑफिसचा कागद, त्यावर लिहून आणलेले प्रश्न. चहा झाल्यावर त्यांनी चष्मा लावला.

"दातांचं काय?"

"रबराचं कवच असतं साहेब. दातांना काही होत नाही."

"डोकं?"

"डोक्याला गादीचा टोप."

"आणि नाक?"

"नाकाची हमी मी देत नाही," काकासाहेब म्हणाले.

निमकरांनी कागदाची घडी घातली. मुलीकडे पाहिलं. "ठीक आहे. नाक तिचं आहे," म्हणाले आणि दुसरा चहा मागितला.

सोमवारी काकासाहेबांनी टेनिसचा चेंडू आणला. वैजयंतीला फेकायला सांगितला, तिनं उजव्या हातानं फेकला. मग तिच्याकडे घरंगळत सोडला आणि म्हणाले, "लाथाडा." तिनं डाव्या पायानं लाथाडला. पुन्हा सोडला. पुन्हा डावा. तिसऱ्यांदा मुद्दाम उजव्या पायाकडे सोडला, तर ती पावलं बदलून डाव्यावर आली.

"दिल्लीतली ब्लूलाइन बस पकडताना कशी चढता?"

"धावती?" वैजयंतीनं डोळे मिटून आठवलं. "उजव्या हाताने दांडा, आणि डावा पाय पायरीवर. बाकीचे लोक उजवा टाकतात. आई म्हणते, पडशील एक दिवस."

आठ वर्षं जे त्यांच्या अंगात होतं ते समोर, निळ्या स्वेटरमध्ये उभं होतं. त्यांनी आणखी काही विचारलं नाही.

"उजवा पाय पुढं. उजवी मूठ पुढं. डावा मागं. हा तुमचा पवित्रा."

"पवित्रा म्हणजे? आमच्या कॉलेजमध्ये एक पवित्रा होती. पवित्रा नायर."

गार्ड हसले, काकासाहेबही हसले. दिल्लीत वाढलेल्या पोरीला हा शब्द समजावून सांगावा लागला. लढायला उभं राहायची रीत म्हणजे पवित्रा. ती म्हणाली, "अच्छा, स्टान्स!" आणि उजवा पाय पुढे टाकून उभी राहिली.

दीड महिना काकासाहेब नुसते उजळून निघाले होते. वैजयंतीचा पुढचा उजवा हात बॅगेवर असा वाजे की जनरेटरचा ऑपरेटर बाहेर येऊन बघे. मागचा डावा पाय जमिनीला रेटा देई आणि काकासाहेबांना तो रेटा आपल्या पोटरीत जाणवे. मॅडमची ताई झाली, ताईची पोरी झाली, आणि अहो-जाहो कधी गळलं ते दोघांनाही कळलं नाही. घरी ते ठकूबाईंना तिच्या ठोशांचं वर्णन करत आणि जेवण गार होई.

मग गार्डांबरोबर हलका सामना खेळायची वेळ आली, आणि तिथं घोडं अडलं. बॅगेवर गरजणारी पोर माणसासमोर अडकू लागली. ती आत जाई, एक चोख ठोसा टाकी आणि तिथंच रुतून बसे. समोरून दोन-तीन खाऊनच परत येई.

"पुढं जा!" काकासाहेब ओरडत. "रेटा दे! तो मागं सरतोय, पुढं जा!"

"काका, मला पुढे जायचंच नाहीये. मला मारून निघायचंय. या बाजूने निघताच येत नाही."

"बॉक्सिंगमध्ये पाठ दाखवायची नसते."

"पाठ कुठे दाखवतेय? तोंड त्याच्याकडेच आहे की."

"मी सांगतो तसंच उभं राहायचं!"

आवाज इतका चढला की शेतातले मोर गप्प झाले. गार्डांनी माना खाली घातल्या. वैजयंतीनं हातमोज्यांची नाडी दातांनी सोडली, मोजे पायरीवर ठेवले आणि ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्याही. डबा ती वरच, स्वतःच्या टेबलावर खाऊ लागली.

त्याच आठवड्यात पलटणीच्या एका मित्राकडून निरोप आला, की नलावडे उस्ताद मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दिल्ली छावणीतल्या लष्करी रुग्णालयात आले आहेत. रविवारी काकासाहेब भाकरी-चटणीचं गाठोडं घेऊन गेले. वॉर्डच्या टोकाच्या खाटेवर उस्ताद बसले होते, आटलेले, पांढरे. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्यात अजून पडदा. काकासाहेब खाटेपासून दहा पावलांवर होते तोच उस्ताद म्हणाले, "खुटवड का रे?"

"ओळखलंत, उस्ताद? दिसतं का?"

"दिसत नाही. चाल ओळखली. डावा पाय जोरात टाकतोस तू. कवायतीतसुद्धा अख्ख्या रांगेत तुझा डावा बूट वेगळा वाजायचा."

काकासाहेबांनी गाठोडं खाटेवर ठेवलं. वीस वर्षं गिळलेलं वाक्य तोंडात आलं आणि ते थांबवता आलं नाही. "ऐकू येत होतं, तर मग मला उलटं का उभं केलं नाहीत?"

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. फायनल, तीनदा निसटलेला तो गडी, दुखरं मनगट, साखळीसकट उडालेली बॅग. आपण भित्रे आहोत असं इतकी वर्षं वाटत राहिलं, हेही सांगितलं. उस्ताद न हलता ऐकत होते. शेजारच्या खाटेवरचा म्हाताराही ट्रान्झिस्टर बंद करून ऐकू लागला.

"मला एकच पवित्रा शिकवता येत होता, खुटवड," उस्ताद शेवटी म्हणाले. "माझ्या उस्तादानं मला दिला तेवढाच. तुझा पाय कानाला कळत होता, डोक्याला कळत नव्हता. भित्रा तू कधीच नव्हतास. चूक माझी आहे. मी हात विचारला, पाय विचारला नाही."

मग काकासाहेबांनी वैजयंतीची गोष्ट काढली. सगळं ऐकून उस्तादांनी विचारलं, "तू तिचा हात विचारलास?"

"हो."

"पाय?"

"तोही."

"आणि तिला विचारलंस, लढायचंय कसं?"

"ते नाही विचारलं, उस्ताद."

उस्तादांनी चाचपडत गाठोडं उघडलं, चटणी हुंगली आणि म्हणाले, "मग माझ्यात आणि तुझ्यात फरक एका प्रश्नाचा. भाकरी अजून मऊ आहे. बायको चांगली आहे तुझी."

सोमवारी काकासाहेब चौथ्या मजल्यावर गेले. तीन वर्षांत आग लागल्याच्या सरावाखेरीज ते तिथं कधी थांबले नव्हते. रांगेतल्या मुली फोनवर बोलता बोलता बघू लागल्या. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"निमकर मॅडम, माझं चुकलं."

वैजयंतीनं कानावरचा हेडफोन उतरवला. तिचे डोळे भरून आले होते. "काका, प्लीज, मॅडम नका म्हणू. लोक बघतायत."

"बघू देत. खाली येशील का? पंधरा दिवस. एक दिवस एक पाय पुढं, दुसऱ्या दिवशी दुसरा. मी तोंड उघडणार नाही. शेवटी तू सांगायचंस."

ते पंधरा दिवस काकासाहेब रंगाच्या पालथ्या डब्यावर हात बांधून बसले. जीभ दाताखाली धरून बसणं हे फौजेतल्या कुठल्याही कवायतीपेक्षा अवघड होतं. उजवा पाय पुढं असला की वैजयंतीचा ठोसा जड पडे, पण ती खिळून राही. डावा पाय पुढं असला की बॅगेवर आवाज कमी होई. मात्र माणूस समोर आला की ती सुळकन आत जाई, पुढच्या डाव्या पायानं जमिनीला झटका देई आणि गार्डाची मूठ येईपर्यंत हातभर मागं गेलेली असे. त्याचा ठोसा हवेतच जाई. मग तिचा मागचा उजवा हात येई.

सातव्या-आठव्या दिवशी काकासाहेबांच्या डोक्यात लख्ख उजाडलं. पुढं झेपावायला मागचा पाय रेटतो, आणि मागं निसटायला पुढचा. ते स्वतः चालून जाणारे गडी होते, त्यांना जोराचा पाय मागं हवा होता. ही पोर मारून निसटणारी, हिला जोराचा पाय पुढं हवा. हात तेच, पाय तेच, आणि तरी दोघांचे पवित्रे वेगळे. उस्तादांनी ज्या पवित्र्यात त्यांना आठ वर्षं कोंडलं होतं, तोच हिच्या अंगावर मापानं शिवल्यासारखा बसत होता. त्यांना हसूही आलं आणि थोडं वाईटही वाटलं.

पंधराव्या दिवशी वैजयंतीनं विचारलं, "डावा पुढे ठेवू? तुम्हाला राग नाही ना येणार?"

"ठेव," ते म्हणाले. "मला आठ दिवसांपूर्वीच कळलंय. तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं म्हणून गप्प होतो."

पुढची तीन वर्षं ही काकासाहेबांच्या आयुष्यातली सोन्यासारखी वर्षं. टॉवरमधल्या आणखी चार मुली यायला लागल्या. थंडीत ठकूबाई स्टोव्ह घेऊन येत आणि पट्टीच्या कडेला बसून सगळ्यांना आल्याचा चहा करत. त्यांना एकेका मुलीचा पवित्रा पाठ झाला होता. "ती हिरव्या ओढणीवाली आज चुकीच्या पायावर आहे," असं त्या खुशाल सांगत, आणि ते बरोबर निघे.

दोन हजार साली हिवाळ्यात दिल्लीतल्या एका व्यायामशाळेत मुलींच्या प्रदर्शनी लढती झाल्या. वैजयंतीच्या वजनात फक्त चौघी होत्या. अशोक निमकर पहिल्या रांगेत कोट घालून बसले होते आणि दरवेळी चुकीच्या मुलीसाठी टाळ्या वाजवत होते, कारण टोपांमुळे त्यांना आपली कोणती हे ओळखू येत नव्हतं. पहिली लढत ती जिंकली. समोरची मुलगी तीन राउंड तिच्या मागं फिरत राहिली आणि तिला ती सापडली नाही. दुसरी लढत रोहतकच्या एका उंच मुलीशी होती. तीत नाकातून रक्त आलं आणि एका गुणानं हार झाली. काकासाहेबांनी कापसाचा बोळा नाकात बसवला.

"काका, हरले."

"हरलीस. पण एकदासुद्धा अडकली नाहीस."

निमकर धावत आले, मुलीच्या नाकाकडे पाहिलं, आणि तोंडाला आलेलं वाक्य गिळून त्यांनी खिशातला रुमाल पुढे केला.

पुढं जे झालं ते सगळ्यांचंच होतं तसं. दोन वर्षांनी विमान कंपनीनं ते ऑफिस दुसरीकडे हलवलं. वैजयंतीचं लग्न झालं आणि ती पुण्याला गेली. मोहरीच्या शेतात आधी पत्र्याचं कुंपण आलं, मग खड्डा, मग चौदा मजले. सिमेंटची पट्टी गाड्या लावायला गेली. गार्ड एजन्सीचे आले, बारा-बारा तासांचे, सरावाला अंगात त्राण नसलेले. काकासाहेबांनी घरमालकाच्या गच्चीवर शिकवणं चालू ठेवलं, दोन हजार अकरा साली गुडघ्यांनी नाही म्हणेपर्यंत. नव्या मुलाला किंवा मुलीला ते पंधरा दिवस दोन्ही बाजूंनी उभं करत आणि तोंड मिटून बसत. काहींना ते वेड लागल्यासारखं वाटे.

सोळा साली वैजयंती भेटायला आली तेव्हा खुटवड मंडळी महेशच्या फ्लॅटवर, अकराव्या मजल्यावर राहत होती. बरोबर दहा वर्षांची मुलगी केतकी होती. ती मराठी अस्खलित बोलत होती आणि आईच्या चुका काढत होती. वैजयंतीचे केस कानापाशी पांढरे झाले होते. पुण्यात ती एका शाळेत मुलींना बॉक्सिंग शिकवते म्हणाली, आठवड्यातून तीन दिवस. ठकूबाई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या आणि तिथूनच प्रश्न विचारत होत्या.

केतकी गॅलरीत मेट्रो बघायला गेली तेव्हा वैजयंतीनं हळूच विचारलं, "काका, एक विचारू? तुमची ती आठ वर्षं. वाईट वाटतं का अजून?"

"वाटतं," काकासाहेब म्हणाले. त्यांनी गुडघ्यावरचा हात उचलून पुन्हा ठेवला. "खोटं कशाला सांगू? माझ्या पवित्र्यात मी एकदा तरी रिंगमध्ये उतरायला हवं होतं. पण पोरी, ती वर्षं नसती तर बरं, असं कधी वाटलं नाही. पहाटे दवात आम्ही धावायचो, वीस जण एका पावलात. पलटणीच्या लंगरमधला म्हातारा आचारी आम्हा बॉक्सरांसाठी दुधाची साय बाजूला काढून ठेवायचा. आणि ती फायनल हरलो ना, त्या दिवशी मी बाकावर बसलो होतो, कोणाकडे बघायची इच्छा नव्हती. उस्ताद आले, खाली बसले आणि माझ्या बुटांच्या नाड्या स्वतःच्या हातानं सोडल्या. माझ्या बापानं कधी माझ्या पायाला हात लावला नव्हता."

आतून ठकूबाईंनी हाक मारली, थालीपीठ गार होतंय, गप्पा मग मारा, आणि त्या पोरीला आधी आत घ्या, गॅलरीत वारं फार आहे.